परीक्षकाची परीक्षा

उन्हाळा लागला कीं आमच्या घरीं नवा माठ येतो. माठ पारखण्याचें काम माझें नव्हे. तें आमच्या मंडळींचें. कुंभारानें मांडलेल्या ओळींतील एकेक माठ ती उचलते, तळहातावर तोलते आणि बोटाच्या पेऱ्यानें त्यावर टिचकी मारते. माठ खणखणला तर तो घरीं येतो. बद्द वाजला तर खालींच राहतो. मी पडलों शाळामास्तर. छत्तीस वर्षें मुलांच्या परीक्षा घेण्यांत घालविलेलीं. एकदां मीं तिला सहज विचारलें, "या टिचकीनें तुला नेमकें काय कळतें?" ती म्हणाली, "चीर असली तर कळते." "आणि पाणी गार होईल कीं नाहीं, तें?" "अहो, तें टिचकीनें कसें कळणार? त्याला घरीं नेऊन पाणीच भरून पाहावें लागतें."

या साध्या उत्तरांत माझ्या आजच्या भाषणाचें सार आलें आहे. प्रत्येक परीक्षा एखाद्याच प्रश्नाचें उत्तर देत असते. बाकीच्या प्रश्नांविषयीं ती मौन धरते. आणि आपण माणसें त्या मौनाचा अर्थ 'सर्व कांहीं ठीक आहे' असा करून मोकळे होतों. दुसरें असें कीं, ज्या साधनानें आपण परीक्षा घेतों तें साधनच सदोष असेल तर काय, ही शंका क्वचितच कोणाच्या मनांत येते. कॅमेऱ्याच्या भिंगापासून आगगाडीपर्यंत आणि आगगाडीपासून अंतराळांतील दुर्बिणीपर्यंत वस्तूंच्या परीक्षा कशा घेतल्या जातात, हें आज आपण पाहूं. मात्र पाहतांना लक्ष ठेवावयाचें तें परीक्षा देणाऱ्या वस्तूपेक्षां परीक्षा घेणाऱ्यावर अधिक.

परीक्षेला आपल्या भाषेंत 'कसोटी' असा एक सुंदर शब्द आहे, आणि तो सराफाच्या पेढीवरचा आहे. कसोटी म्हणजे बारीक कणांचा काळा दगड. सराफ दागिना त्या दगडावर घासून सोनेरी रेघ उमटवितो आणि तिच्यावर तेजाब लावून ती कितपत टिकते हें पाहतो. पण नीट पाहाल तर जाणता सराफ एकच रेघ ओढून थांबत नाहीं. ज्याचा कस आधींच ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ तो पहिलीच्या शेजारीं ओढतो आणि दोहोंवर एकच तेजाब लावतो. तेजाब जुनें असेल, उजेड मंद असेल, डोळे थकलेले असतील; पण या साऱ्या दोषांचा परिणाम दोन्ही रेघांवर सारखाच व्हावयाचा. ही दुसरी रेघ दागिन्याची परीक्षा करीत नाहीं. ती सराफाच्या तेजाबाची आणि त्याच्या डोळ्यांची परीक्षा करते. ही दुसरी रेघ आपण लक्षांत ठेवूं. पुढें तिचें काम पडणार आहे.

घरांतलेंच आणखी एक उदाहरण घेऊं. दोन पारड्यांचा तराजू खरा आहे कीं खोटा, हें ओळखण्याची एक युक्ति आम्ही मुलांना शिकवीत असूं. एका पारड्यांत वजन व दुसऱ्यांत जिन्नस घालून कांटा मधोमध आणावा. मग दोहोंची अदलाबदल करावी. कांटा पुनः मधोमध राहिला तर दांडी खरी; एका बाजूस कलला तर दांडींत खोट. युक्ति उत्तम आहे. पण तिनें परीक्षा होते ती दांडीची, वजनाची नव्हे. वजनच हलकें असेल तर पारडीं कितीहि वेळां बदला, कांटा मधोमधच राहील. मग वजन खरें कशावरून? त्यावर वजनमापांच्या निरीक्षकाचा शिक्का आहे म्हणून. निरीक्षकाजवळचें वजन खरें कशावरून? तें त्याहून काटेकोर अशा वजनाशीं ताडून पाहिलेलें आहे म्हणून. असा जिना चढत गेलें म्हणजे आपण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत येऊन पोंचतों. तेथें प्लॅटिनम व इरिडियम या धातूंच्या मिश्रणाचा एक लहानसा दंडगोल आहे. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या मूळ किलोग्रॅमची ती ५७ व्या क्रमांकाची प्रत होय.

आणि तो मूळ किलोग्रॅम खरा कशावरून? येथें मात्र जिना संपत असे. १८८९ सालापासून जगानें असें मानिलें होतें कीं, त्या दंडगोलाचें जें वस्तुमान तेंच एक किलोग्रॅम. पुढें त्याच्या जुळ्या प्रतींशीं तो ताडून पाहिला, तेव्हां शंभर वर्षांच्या अवधींत सुमारें ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचें आढळून आलें. मूळ हलका झाला कीं प्रती जड झाल्या, हें सांगणार कोण? शेजारीं ओढावयास दुसरी रेघच नव्हती! अखेरीस २० मे २०१९ पासून त्या धातूच्या तुकड्याला माझ्यासारखीच सेवानिवृत्ति मिळाली, आणि किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गांतीलच एका न बदलणाऱ्या राशीवरून करण्यांत आली. परीक्षकाचीहि परीक्षा घ्यावी लागते, ही गोष्ट जगांतील थोर थोर शास्त्रज्ञांनीं अशा रीतीनें मान्य केलेली आहे.

आतां कॅमेऱ्याच्या भिंगाकडे वळूं. समोरच्या एकेका बिंदूपासून निघालेला प्रकाश पुनः एकेका बिंदूंत गोळा करणें, हें भिंगाचें काम. चित्राच्या मध्यावर तें हें काम नेटकें करतें. पण कडेकडे जावें तशी त्याची दमछाक होऊं लागते. सरळ रेषा वांकतात, बारीक अक्षरें पुसट होतात, कोपरे काळवंडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनजवळ क्यू येथील वेधशाळेंत उष्णतामापकें, घड्याळें वगैरे तपासून त्यांना दाखले देण्याचा प्रघात होता. तेथेंच छायाचित्रणाच्या भिंगांचीहि परीक्षा व्हावी असें ठरलें, आणि ती कशी घ्यावी याची पद्धत मेजर लिओनार्ड डार्विन यांनीं बसविली. सुप्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे हे चिरंजीव. १८९२ सालीं त्यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. 'भिंग चांगलें आहे' असें मोघम प्रशस्तिपत्र द्यावयाचें नाहीं. चित्र कितपत सपाट पडतें, सरळ रेषा किती वांकते, बारकावे कितपत स्पष्ट उमटतात, कडेला उजेड किती कमी होतो, असे निरनिराळे प्रश्न विचारून प्रत्येकाचें उत्तर वेगळें द्यावयाचें, ही त्या पद्धतीची खुबी. मुलाला नुसतें 'हुशार' म्हणण्यापेक्षां गणितांत किती, भाषेंत किती, हें सांगणें जसें अधिक उपयोगाचें, तसेंच हें होय.

अशी परीक्षा आपणांस घरींहि घेतां येते. वर्तमानपत्राचें एक पान भिंतीवर सपाट चिकटवा आणि आपल्या मोबाईलनें त्याचें छायाचित्र घ्या. मग चित्र मोठें करून चारहि कोपऱ्यांतील अक्षरें वाचून पाहा. समजा, एक कोपरा पुसट आला. पण लगेच भिंगाला नापास करूं नका. मोबाईल भिंतीशीं समांतर धरला होता काय? त्या कोपऱ्यांत कागद फुगला नव्हता ना? ही शंका फेडण्याचा सोपा उपाय असा कीं, मोबाईल उलटा, म्हणजे वरची बाजू खालीं करून धरावा आणि दुसरें चित्र घ्यावें. पानाचा तोच कोपरा पुनः पुसट आला तर दोष कागदाचा किंवा आपल्या मांडणीचा. पुसटपणा भिंगाबरोबर फिरून पानाच्या समोरच्या कोपऱ्यांत गेला तर दोष भिंगाचा. तराजूचीं पारडीं बदलण्याचीच ही युक्ति. फक्त येथें पारड्यांऐवजीं कोपरे बदलले.

भिंग चुकलें तर छायाचित्र बिघडतें. आगगाडी चुकली तर माणसें प्राणास मुकतात. म्हणून तेथील परीक्षा अधिक कडक असावी लागते. २०२५ च्या जानेवारींत 'वंदे भारत' शयनयान गाडीच्या चांचण्या राजस्थानांत कोट्याच्या बाजूस चालल्या होत्या, तेव्हां रेल्वेमंत्र्यांनीं एक लहानसें चलच्चित्र प्रसिद्ध केलें. गाडी ताशीं १८० किलोमीटर वेगानें धांवत आहे आणि आंत ठेवलेल्या, जवळजवळ कांठोकांठ भरलेल्या पेल्यांतील पाणी सांडत नाहीं, असें तें दृश्य होतें. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तें पाहिलें असेल व त्याचें कौतुकहि केलें असेल. तें कौतुक वावगें नव्हे. पेला कांहीं खोटें बोलत नव्हता. परंतु माठावरच्या टिचकीप्रमाणें तोहि एकाच प्रश्नाचें उत्तर देत होता: या रुळांवर, या वेगानें, या क्षणीं डबा किती हलतो? डबा माणसांनीं भरला म्हणजे काय होईल, वळणावर काय होईल, एकाएकीं ब्रेक लावला तर गाडी किती अंतरावर उभी राहील, याविषयीं पेला मुकाच.

म्हणून रेल्वेचे तज्ज्ञ पेल्यावर विसंबून राहत नाहींत. नव्या गाडीची तपासणी करणारी रेल्वेची संशोधन संस्था लखनौ येथें आहे. तिचे लोक डब्यांत धक्के मोजणारीं यंत्रें बसवितात. गाडी रिकामी धांववितात, आणि प्रवाशांच्या वजनाइतका भार डब्यांत घालून भरलेलीहि धांववितात. वेग टप्प्याटप्प्यानें वाढवीत नेतात. आणि ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर मोजून घेतात. पेला पाहणाऱ्यांच्या समाधानासाठीं असतो; हीं मोजमापें प्रवाशांच्या जिवासाठीं असतात.

जो प्रश्न परीक्षेंत विचारलाच गेला नाहीं त्यापायीं केवढा अनर्थ ओढवतो, याचा दाखला रेल्वेच्याच इतिहासांत आहे. स्कॉटलंडांत डंडी शहराजवळ टे नदीच्या विस्तीर्ण मुखावर थॉमस बाउच या स्थापत्यविशारदाच्या आंखणीप्रमाणें जवळजवळ दोन मैल लांबीचा रेल्वेचा पूल बांधण्यांत आला. १८७८ च्या फेब्रुवारींत सरकारी निरीक्षक मेजर-जनरल हचिन्सन यांनीं तीन दिवस त्याची परीक्षा घेतली. प्रत्येकीं ७३ टन वजनाचीं सहा एंजिनें एकमेकांस जोडून तीं पुलावरून ताशीं ४० मैलांपर्यंतच्या वेगानें नेण्यांत आलीं. पूल पास झाला. मात्र आपल्या अहवालांत निरीक्षकांनीं असेंहि नमूद केलें होतें कीं, पुनः येथें येण्याचा प्रसंग आल्यास सोसाट्याचा वारा सुटला असतां पुलावरून गाडी जातांना काय होतें, हें पाहण्याची आपली इच्छा आहे. ती इच्छा इच्छाच राहिली. त्याच वर्षीं जूनमध्यें पूल उतारूंसाठीं खुला झाला. २८ डिसेंबर १८७९ रोजीं संध्याकाळीं भयंकर वादळांत पुलाचे मधले उंच गाळे, त्यांवरून चाललेल्या गाडीसकट, नदींत कोसळले. गाडींतील एकहि माणूस वांचला नाहीं.

चौकशींत असें बाहेर आलें कीं, पुलाची आंखणी करतांना वाऱ्याच्या दाबासाठीं स्वतंत्र अशी कांहीं तरतूदच केलेली नव्हती. शिवाय बांधणी व देखभाल हींहि निकृष्ट होतीं. सहा एंजिनांनीं पुलावर भार घातला तो वरून खालीं. वादळानें घातला तो बाजूनें. परीक्षेंत उभा प्रश्न विचारला गेला आणि प्रसंगानें आडवा विचारला! निरीक्षकांना तो प्रश्न सुचला नव्हता असेंहि नाहीं. तो कागदावर लिहिलेला होता. परंतु लिहिलेल्या शंकेचें निरसन झाल्यावांचूनच पूल चालू झाला, ही यांतील खरी हळहळ लावणारी गोष्ट होय.

येथवर आपण 'काय विचारलें' हें पाहिलें. आतां 'कशानें विचारलें' हें पाहूं. २४ एप्रिल १९९० रोजीं अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' यानांतून 'हबल' नांवाची दुर्बीण अंतराळांत नेण्यांत आली. पृथ्वीपासून सुमारें ६०० किलोमीटर उंचीवर, हवेच्या गढूळ पडद्याच्या पलीकडे राहून तिनें आकाश पाहावें, अशी योजना. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. एकंदर खर्च सुमारें दीड अब्ज डॉलर. पण पहिलीं चित्रें आलीं तीं पाहून शास्त्रज्ञांचे चेहरे उतरले. ताऱ्याचा सुमारें ७० टक्के प्रकाश मध्यावरील इवल्याशा ठिपक्यांत एकवटावयाचा, तेथें सुमारें १५ टक्केच एकवटत होता. बाकीचा भोंवतालीं धुक्यासारखा पसरलेला. जून अखेरीस जाहीर करावें लागलें कीं, मुख्य आरशाचा आकारच चुकला आहे.

हें झालें कसें? आरसा घासण्याचें काम अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत पर्किन-एल्मर कंपनीनें केलें व १९८१ सालीं पुरें केलें. एवढा आरसा डोळ्यांनीं किंवा पट्टीनें तपासतां येत नाहीं. प्रकाशानेंच तो तपासावा लागतो. आरसा नुसत्या गोलाचा तुकडा असेल तर काम सोपें असतें. त्या गोलाच्या मध्यबिंदूपाशीं दिवा ठेवला तर प्रकाश आरशावरून उलटून पुनः त्याच बिंदूंत येतो. जरा खोट असली तर तो इकडेतिकडे जातो. परंतु हबलच्या आरशाचें वळण निराळें; तें कडेकडे गोलापेक्षां किंचित् सपाट होत जाणारें. असा आरसा निर्दोष असला तरी त्याचा प्रकाश एका बिंदूंत परत यावयाचा नाहीं. म्हणून दोन लहान आरसे व एक भिंग यांचें एक उपकरण मध्यें बसविलें होतें. त्याला आपण 'चष्मा' म्हणूं. आरसा बरोबर असेल तर या चष्म्यांतून प्रकाशाचे पट्टे सरळ दिसावयाचे. नसेल तर वांकडे. तेव्हां पट्टे सरळ होईपर्यंत घासावयाचें, एवढेंच कारागिरांचें काम. सारी भिस्त त्या चष्म्यावर.

आणि चष्माच चुकला होता. त्यांतील भिंग लहान आरशांपासून किती अंतरावर बसवावें, हें मोजण्यासाठीं एक धातूची कांडी वापरली होती. कांडीच्या टोंकावर मध्यें बारीक छिद्र असलेली टोपी होती. छिद्रांतून जाऊन किरण कांडीच्या टोंकावरून परत यावा व त्यावरून माप कळावें, ही कल्पना. म्हणून टोपीला प्रकाश परत न फेंकणारा थर दिलेला होता. त्या थराचा एक टवका उडाला होता. किरण कांडीच्या ऐवजीं टोपीच्या उघड्या पडलेल्या धातूवरून परतला, आणि माप १.३ मिलिमीटरनें चुकलें. त्या मापाप्रमाणें भिंग बसवूं गेलें तों तें पुरेसें सरकेना; तेव्हां साध्या चकत्या घालून तें बसविण्यांत आलें. उपकरण आपल्या परीनें 'हें माप मला मानवत नाहीं' असें सांगत होतें. पण ऐकण्यास कोणी थांबलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, आरसा अत्यंत काळजीनें, अत्यंत सफाईनें, चुकीच्या आकाराचा घासला गेला. कडेला तो सुमारें २.२ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केंसाच्या जाडीचा जवळजवळ पन्नासावा भाग, अधिक सपाट झाला होता.

श्रोतेहो, याहूनहि शोचनीय गोष्ट पुढेंच आहे. येथें दुसरी रेघ ओढलेली होती! दोन भिंगांचा एक साधा चष्मा होता. त्यांतून तयार आरसा पाहिला, तेव्हां दोष दिसला होता. मुख्य चष्म्याची मांडणी तपासण्यासाठीं मुद्दाम केलेलें आणखी एक उपकरण होतें. त्यांतहि पट्टे वांकडे दिसले होते. परंतु मुख्य चष्मा अधिक अचूक समजला जात असल्यामुळें या दोन गरीब साक्षीदारांची साक्ष बाजूस ठेवण्यांत आली. सर्व दुर्बीण जुळवून तिची एकत्र परीक्षा घेणें फार खर्चाचें होतें. म्हणून तीहि झाली नाहीं. पुढें ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें चौकशी केली, तेव्हां तो चष्मा कारखान्यांत जसाच्या तसा जुळलेला मिळाला आणि त्यांतील अंतर मोजतांच दोष उघडा पडला.

यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सोनाराच्या कांट्याला गुंजेचा फरक कळतो आणि वाण्याच्या तराजूला तो कळत नाहीं, हें खरें. पण म्हणून वाण्याचा तराजू शेराचा फरक दाखवीत असतांना 'हा तराजू ओबडधोबड आहे' असें म्हणून त्याकडे पाठ फिरविणें शहाणपणाचें नव्हे. साधा चष्मा बारीक दोष दाखवूं शकला नसता. परंतु जो दोष त्यानें दाखविला तो मुळीं बारीक नव्हताच. काटेकोरपणा आणि खरेपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत. नेहमीं अर्धा तास पुढें असणारें घड्याळ सेकंदाचाहि हिशेब काटेकोर ठेवूं शकतें. पण त्यावर विसंबून गाडी गांठूं पाहाल तर उगीच अर्धा तास फलाटावर बसाल!

हबलची कथा सुदैवानें गोड झाली. दोष किती व कोठें, हें अचूक कळल्यामुळें त्याचा उतारा करतां आला. १९९३ च्या डिसेंबरांत 'एंडेव्हर' यानांतून गेलेल्या अंतराळवीरांनीं यानाबाहेर पांच वेळां येऊन काम केलें आणि नाण्यांएवढ्या लहान आरशांचें एक सुधारक उपकरण व एक नवा कॅमेरा दुर्बिणींत बसविला. चुकलेल्या आरशाला बरोबर उलट चुकीचा चष्मा लावला, असें म्हणाना! त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तिनें विश्वाचीं अद्भुत चित्रें पाठविलीं. चूक जितक्या बारकाईनें कबूल केली, तितक्या बारकाईनें ती दुरुस्त झाली.

ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां मला माझ्या वर्गांतील एक प्रसंग आठवला आणि त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. तो प्रसंग आपणांस सांगतों. सातव्या इयत्तेला मीं एक गणित घरीं करावयास दिलें होतें. एका नळानें हौद १२ तासांत भरतो, दुसऱ्यानें भरलेला हौद २० तासांत रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले तर हौद किती तासांत भरेल? पुस्तकाच्या शेवटीं उत्तर छापलें होतें २०. दुसऱ्या दिवशीं वह्या तपासूं लागलों. जवळजवळ सर्वांचें उत्तर २०. एका मुलाचें मात्र ३०. मीं तांबडी फुली मारली. तो उभा राहून हळूच म्हणाला, "गुरुजी, मीं दोनदां करून पाहिलें." मीं म्हटलें, "पुस्तक चुकेल कीं तूं चुकशील?" वर्ग हंसला. तो खालीं बसला.

रात्रीं सहज कागद घेऊन गणित सोडविलें. तासाला हौदाचा बारावा भाग भरतो व विसावा भाग रिता होतो. म्हणजे बाकी राहतो तिसावा भाग. उत्तर ३०. छापणाऱ्यानें तीनाची शेपटी गाळली होती, एवढेंच. मग मनांत आलें, बाकीच्या मुलांचें उत्तर २० आलें कसें? तें आलें नव्हतें, आणलें होतें. शेवटचें पान पाहून मुलांनीं मधल्या पायऱ्या जुळवून घेतल्या होत्या. ज्यानें शेवटचें पान न पाहतां प्रामाणिकपणें गणित केलें, तो एकटाच नापास झाला होता. आणि नापास करणारा मी होतों. माझ्या वर्गांत दुसरी रेघ त्या मुलानें ओढली होती, आणि मीं ती पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याची वही मागवून फुली खोडली व बरोबरची खूण केली. पण श्रोतेहो, खरें सांगावयाचें तर, वर्गासमोर उभा राहून 'पुस्तक चुकलें, मीहि चुकलों, आणि हा एकटा बरोबर होता' असें मीं म्हटलें नाहीं. तेवढें धैर्य झालें नाहीं. त्यामुळें त्या मुलाला न्याय मिळाला तो चोरून. आणि इतर मुलांना जो धडा मिळावयास हवा होता तो मिळालाच नाहीं. छत्तीस वर्षांत मीं किती मुलांच्या परीक्षा घेतल्या याचा हिशेब नाहीं. माझी परीक्षा त्या एका दिवशीं झाली आणि तींत मी काठावर देखील पास झालों नाहीं.

म्हणून आपणां सर्वांना माझी एवढीच विनंति आहे. एखादी वस्तु 'तपासलेली' आहे असें कोणी सांगितलें म्हणजे तीन प्रश्न विचारावे. परीक्षेंत काय विचारलें व काय विचारावयाचें राहिलें? ज्या साधनानें तपासलें तें खरें कशावरून? आणि विरुद्ध साक्ष देणारें कोणी पुढें आलें असल्यास त्याचें काय केलें? हे प्रश्न घरांतहि उपयोगी पडतात. स्वयंपाकघरांतील कांट्यावर भांडें ठेवून शून्य करा आणि बरोबर एक लिटर पाणी ओता. एक किलोच्या अगदीं जवळचें वजन दिसावयास हवें. रक्तदाब मोजण्याचें घरचें यंत्र वर्षांतून एकदां डॉक्टरांकडे घेऊन जा आणि दोन्ही यंत्रांवर एकाच बैठकींत दाब मोजून घ्या. आणि घरांतलें एखादें मूल पुस्तकाविरुद्ध, वडिलांविरुद्ध किंवा गुरुजींविरुद्ध 'मीं दोनदां करून पाहिलें' असें म्हणालें, तर हंसण्यापूर्वीं आपणहि एकदां कागद घेऊन बसा.

तो मुलगा आतां कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. आजचें भाषण त्याच्या कानांवर पडलें असेल तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाळ, उत्तर ३० च होतें. जें त्या दिवशीं वर्गांत बोलावयास हवें होतें तें आज सर्वांदेखत बोललों.